वरून घालायचं

डिचोलीच्या बसस्टँडमागे, स्पेअरपार्टच्या दुकानात
मी एकोणीस वर्षं तेल विकतो.
सुटं तेल, पिंपातलं, हातपंपाचे चार झटके म्हणजे एक लिटर.
त्याचा रंग चांगला आहे
एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

सगुण मळीक, पायलट, पिवळ्या मडगार्डवाला,
महिनाअखेरीस येतो. काचेमागच्या सीलबंद डब्याचा भाव विचारतो
आणि भाव ऐकून गाडीकडे बघतो,
डॉक्टरची फी ऐकून माणूस खाटेकडे बघतो तसा.
"पिंपातलंच दे," म्हणतो,
"आणि ते वरून घालायचं."

वरून घालायचं म्हणजे एक वीतभर बाटली.
लेबलवर सोनेरी पिस्टन, पिस्टनवर वाघ.
आत काय असतं मला ठाऊक नाही.
आणून देणाऱ्या एजंटालाही नव्हतं,
तो आधी अगरबत्त्या विकायचा.
थेंब दोन बोटांत चोळून बोटं लांब केली
की फणसाच्या चिकासारखा धागा सुटतो,
गिऱ्हाइकाला तेवढा पुरतो.

तेल दोनशे दहा. बाटली दोनशे तीस.
डबा चारशे साठ.
वीस रुपयांचा फरक, सगुणलाही बेरीज येते.
पण शेट डबा उधार देत नाहीत.
बाटली देतात.

गॅरेजवाला रुझार म्हणतो,
हलक्या तेलात भारी थेंब टाकून तेल भारी होत नाही रे,
थेंब हलका होतो.
त्याच्या स्वतःच्या स्कूटरच्या डिकीत
मी तीच बाटली पाहिली आहे. अर्धी.

आणि खोटं कशाला बोलू, आवाज गेला.
आठ दिवस सगुण स्टँडवर सगळ्यांना
टाकीला कान लावायला सांगत होता.
मला चहा पाजला, वर एक मिरचीभजी.

मग मयेची चढण.
मागे आरोग्य केंद्रातल्या शालन नर्स,
मांडीवर लसींचा थंड डबा.
सगुणने मूठ पिळली, इंजिन ओरडलं,
गाडी मात्र जागच्या जागी विचार करत राहिली.
आतल्या क्लचच्या चकत्या
इतक्या गुळगुळीत, इतक्या सभ्य झाल्या होत्या
की एकमेकींना धरेनात.

नर्स उतरल्या. डबा मुलासारखा कडेवर घेतला
आणि चालत चढण चढून गेल्या.
हा मागून गाडी ढकलत पोचला तेव्हा
त्यांनी भाडं पुरं दिलं.
तेच त्याला लागलं.

रुझारने गाडी डाव्या अंगावर निजवली,
झाकण काढलं, चकत्या एकेक करून पेट्रोलमध्ये धुतल्या.
"घासू नये म्हणून घातलंस," तो म्हणाला,
"पण ह्यांचं कामच घासायचं."
मग अकरा नंबरचा पाना सापडेना
म्हणून बराच वेळ त्या पान्याला शिव्या घालत बसला.

पुढच्या महिनाअखेरीस सगुण आला.
भाव विचारला नाही. हेल्मेट काउंटरवर ठेवून उभा राहिला.
शेट जेवायला गेले होते.
मी वहीत लिहिलं: मळीक, बाटल्या दोन,
आणि काच सरकवून डबा त्याच्या हातात दिला.
तो काही बोलला नाही. मीही सुटे पैसे मोजत बसलो.

हिशेब जुळायला हवा म्हणून दोन बाटल्या
माझ्या पिशवीतून घरी आल्या.
विहिरीकडे ओतवत नाहीत, माडाच्या मुळाशीही नाहीत.
माळ्यावर, माटोळीच्या चौकटीमागे ठेवल्या आहेत.

एकदा फक्त
पुढच्या दाराच्या बिजागरीत एक थेंब सोडला.
किती वर्षांचं करकरणं, त्याच क्षणी गेलं.
आता मुलगा रात्री किती वाजता येतो
ते कळत नाही.